न हललेले चिंचोके

१२ ऑगस्ट १९४८ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर भारताने ब्रिटनला ४-० असं हरवलं आणि स्वतंत्र देश म्हणून हॉकीतलं पहिलं ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलं. बलबीर सिंगांचे दोन गोल, त्रिलोचन सिंग आणि पॅट्रिक जॅन्सन यांचा एकेक. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांना त्यांच्याच राजधानीत धूळ चारली, ही हकिगत सांगताना आजही लोकांचा ऊर भरून येतो. आमचे गुरुजी ती शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "त्या दिवशी बीड जिल्हा कुठं होता?"

सांगणारा गडबडायचा. बीड त्या दिवशी निजामाच्या राज्यात होता. पोलीस ॲक्शन व्हायची होती, रझाकारांनी उच्छाद मांडला होता, आणि मराठवाडा मोकळा झाला तो १७ सप्टेंबरला, त्या सुवर्णपदकानंतर ३६ दिवसांनी. गुरुजी तेव्हा तेरा वर्षांचे. घरच्यांनी त्यांना सरहद्दीपलीकडे बार्शीला नातेवाइकांकडे धाडून दिलं होतं. तिथे पेठेत एकजण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचत होता, भोवती घोळका जमला होता आणि जो तो म्हणत होता, आपण जिंकलो. या पोरानं विचारलं, "आपण म्हंजी कोण? मी निजामातला हाय, मला धरायचं का न्हाई?" कुणीतरी डोक्यात टपली हाणली.

"टपली बसली, पण सवाल खरा होता," गुरुजी सांगायचे. पदकाचं मोल कमी करण्याचा त्यांचा हेतू नसायचा. त्या संघाची नावं ते अभिमानानं घ्यायचे. पण एखादी बातमी सगळे एका सुरात सांगायला लागले की ती दुसऱ्या जागी उभं राहून ऐकायची, ही खोड त्यांना बार्शीच्या त्या पेठेत लागली आणि आयुष्यभर पुरली. पुढे माझं पोट क्रीडा पानावर चालणार होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं नि मलाही. तरी शिदोरी त्यांनीच बांधून दिली. हे देणं कुठल्या सोसायटीच्या खतावणीत सापडायचं नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

गाव केज तालुक्यातलं, माळवदाच्या घरांचं. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे आणि खेळाचा तास घ्यायचे. पांढरा पायजमा, काळी टोपी, खिशात तपकिरीची डबी. संस्थान खालसा झाल्यावर ते शिकायला हैदराबादला मामाकडे गेले होते. तिथे फतेह मैदानावर पलटणींचे, पोलिसांचे, रेल्वेचे सामने बघता बघता हॉकीचं वेड लागलं. उर्दू उत्तम यायचं. हैदराबादचा 'सियासत' टपालानं मागवायचे. तो तीन-चार दिवसांनी पोचायचा आणि गुरुजी निकाल ठाऊक असूनही सामन्याचं वर्णन चवीनं वाचायचे.

कुस्ती आणि कबड्डीच्या त्या गावात त्यांनी पोरांच्या हातात हॉकी दिली. स्टिक म्हणजे बाभळीचा किंवा बोरीचा टोकाला वळलेला फाटा, तासून एक बाजू सपाट केलेला. चेंडू चिंध्यांचा, वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या. मैदान म्हणजे शाळेमागचं गायरान, तेही सुगी झाल्यावर. गाव या खेळाला 'वाकडी काठी' म्हणायचं आणि गुरुजींनाही पाठीमागे तेच म्हणायचं.

हॉकी देशभर पसरली ती लष्करी छावण्यांतून, हे गुरुजींचं आवडतं सूत्र. आमच्या जवळचं अंबाजोगाई म्हणजे निजामाच्या काळातलं मोमिनाबाद. हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचं ते ठाणं होतं. पुढे कंटिन्जंट इंग्रजांच्या फौजेत विलीन झाली आणि ठाणं उठलं. गुरुजींचं म्हणणं असं, की पुण्याजवळची खडकी छावणी म्हणून राहिली, तिथून हॉकीपटू निघत राहिले. मोमिनाबादची छावणी राहिली असती तर बीडमधूनही निघाले असते. एकदा मी भीत भीत म्हणालो, "गुरुजी, औरंगाबादला तर अजून छावणी हाय. तिथून किती निघाले?"

आमच्याकडे मोठ्या माणसाला आडवं बोलायची रीत नव्हती. वर्गात चिडीचूप. गुरुजींनी तपकिरीची चिमूट ओढली, रुमालानं नाक पुसलं आणि विचारलं, "हे किती बघून म्हणतोस? का नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतोस?" मी औरंगाबाद पाहिलेलंही नव्हतं, फक्त मामाकडून ऐकलं होतं, ते सांगितलं. "मंग नीट माहिती काढ. तुझं खरं निघालं तर माझं सूत्र कच्चं." त्यांनी खरोखरच ते सूत्र पुढे बदललं. छावणी असून भागत नाही, छावणीच्या कुंपणाबाहेरच्या पोरांना आत मैदानावर येऊ देणारं कुणीतरी लागतं, असं म्हणायला लागले. धनराज पिल्ले खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढला आणि त्याचे वडील मैदानाची देखभाल करायचे, हे मला फार पुढे कळलं, तेव्हा गुरुजींचं दुरुस्त केलेलं सूत्र किती नेमकं होतं हे ध्यानात आलं.

सामना ऐकायचा तो त्यांच्या ओसरीवर, मर्फीच्या रेडिओवर. ऐकण्याची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. सारवलेल्या जमिनीवर खडूनं मैदान आखायचं आणि त्यावर अकरा चिंचोके मांडायचे. जुन्या पद्धतीची मांडणी: मागे गोलकीपर, त्याच्या पुढे दोन बॅक, मग तीन हाफ आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. प्रत्येक चिंचोक्याला एका खेळाडूचं नाव. समालोचकानं ते नाव घेतलं की चिंचोका बोटानं थोडा पुढे सरकवायचा. जसदेव सिंगांचा आवाज चढायला लागला की आम्हा पोरांची बोटं पळायची, राइट-इन आणि सेंटर-फॉरवर्डचे चिंचोके पार पलीकडच्या डीमध्ये जाऊन बसायचे. हाफटाइम झाला की गुरुजी रेडिओचा आवाज बारीक करायचे. पुढे गेलेल्या चिंचोक्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत. जे जागचे हलले नव्हते त्यांच्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्याचं नाव आलं न्हाई. हा काय करत असंल?"

रेडिओ ज्याच्याकडे चेंडू आहे त्याचंच नाव घेतो. उरलेले एकवीसजण त्या क्षणी मैदानावर काय करतात ते आपणच ताडायचं. एखाद्या बॅकचं नाव अर्धा तास आलंच नाही, तर कदाचित त्याच्या बाजूनं कुणी यायची छातीच करत नसेल. एखाद्या लेफ्ट-आउटचं नाव आलं नाही, तर त्यानं कडेला उभं राहून समोरचा एक माणूस अडकवून ठेवला असेल आणि म्हणून मधली वाट मोकळी झाली असेल. किंवा तो नुसताच झोपा काढत असेल. ठरवायचं कसं? त्याच्या बाजूनं समोरच्यांचे हल्ले किती झाले ते आठवायचं. असं आठवत बसलो की हाफटाइम कधी संपला कळायचं नाही. आज सामन्याचं विश्लेषण म्हणून मी जे काही करतो ते सगळं त्या ओसरीवरचं आहे.

याची खरी कसोटी लागली १ डिसेंबर १९८२ ला. दिल्लीच्या एशियाडची फायनल, समोर पाकिस्तान. ओसरीवर गाव लोटलं होतं. एकापाठोपाठ एक गोल होत गेले आणि ७-१ असा निकाल लागला. गोलकीपर मीर रंजन नेगीच्या नावानं तिथल्या तिथे शिव्यांची लाखोली सुरू झाली. दुसऱ्या दिवसापासून तर तो विकला गेला होता, अशीच कुजबुज देशभर पसरली. त्या माणसाला पुढे कित्येक वर्षं त्या सात गोलांचं ओझं वाहावं लागलं.

ओसरीवरच्या गलक्यात गुरुजी चिंचोक्यांसमोर बसून होते. शांतता झाल्यावर एवढंच म्हणाले, "गोलकीपरचं नाव सात बार आलं. त्याच्या आधी कुणाकुणाची नावं यायला पायजे होती, ती आली का?" चेंडू डीमध्ये येण्याआधी तो फॉरवर्डकडून सुटतो, मग हाफना चुकवतो, मग बॅकना. गोलकीपर हा शेवटचा माणूस. पहिला दोष त्याचा कसा? लोकांना हे पटलं नाही. एकजण तर म्हणाला, गुरुजी पाकिस्तानची बाजू घेतात. उर्दू पेपर वाचणाऱ्या माणसाला असं म्हणणं सोपं होतं. गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नाही, चहा दिला.

मला ती रात्र फार कामाला आली. १९९८ मध्ये बँकॉकला भारतानं ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण जिंकलं तेव्हा मी औरंगाबादच्या एका दैनिकात क्रीडा पानावर उपसंपादक होतो. कप्तान धनराज पिल्ले, आपला खडकीचा, त्यामुळे पान त्याच्यावरच लागणार हे उघड होतं. ते रास्तही होतं. मात्र दक्षिण कोरियाविरुद्धची ती फायनल टायब्रेकरवर गेली होती आणि तिथे आशिष बल्लाळनं गोल अडवले होते. त्या संघाच्या गोलकीपरांना तयार करणारा प्रशिक्षक होता मीर रंजन नेगी. सोळा वर्षांचं वर्तुळ पुरं झालं होतं. मी दोन कॉलमचा मजकूर गोलकीपरांवर लिहिला. एका वरिष्ठांनी विचारलं, विजयाच्या दिवशी हरलेल्या माणसाची आठवण कशाला? पण छापला. नेगीच्या गोष्टीशी जोडला गेलेला 'चक दे इंडिया' हा सिनेमा यायला अजून नऊ वर्षं होती.

आठवड्यानं गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. बारीक, तिरक्या अक्षरात, पत्त्याच्या बाजूपर्यंत भरलेलं. कौतुकाचं अक्षर नाही. लिहिलं होतं की बल्लाळचं ठीक, पण पेनल्टी स्ट्रोक मारणाऱ्या भारतीय खेळाडूंबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, अडवणारा एकटा जिंकवत नाही. मला शिकवलेलाच पाढा त्यांनी माझ्यावर म्हणून दाखवला होता.

गुरुजींचं आणखी एक मत गाजलं, निदान आमच्या तालुक्यात. कुठल्याही चहाच्या हॉटेलात हॉकीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणणारच: गोऱ्यांनी प्लास्टिकचं गवत आणलं आणि आपली हॉकी मारली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम टर्फ आला आणि भारत सातवा आला, हे खरंच आहे. गुरुजी बोटं मोडून तारखा मांडायचे. १९६० ला रोममध्ये पाकिस्तानकडून फायनल हरलो ते गवतावर. १९६८ ला मेक्सिकोत आणि १९७२ ला म्युनिकमध्ये ब्राँझवर समाधान मानलं ते गवतावर. १९७३ च्या विश्वचषकात हॉलंडशी फायनल हरलो ती गवतावर. १९८२ च्या जानेवारीत मुंबईला, आपल्या घरी, आपल्या गवतावर विश्वचषक झाला आणि आपण पाचवे आलो. आणि १९८० ला मॉस्कोत सुवर्ण जिंकलं ते मात्र कृत्रिम टर्फवर. मग टर्फचं गाणं किती दिवस गायचं?

इथे थांबले असते तर ते गुरुजी कसले. स्वतःच पुढे म्हणायचे, "आता मॉस्कोला हॉलंड, जर्मनी, पाकिस्तान आलेच नव्हते, बहिष्कार होता, हेबी धर. न्हाईतर माझं म्हणणंबी एकांगी व्हतंय." विरोधी मत मांडताना आपल्याच मताला पडणारं भोक दाखवायचं, ही त्यांची अट होती. टर्फमुळे खेळ बदलला, चेंडू वेगानं धावायला लागला, दमसास लागायला लागला, आणि गावोगावी टर्फ घालणं आपल्याला परवडण्यासारखं नव्हतं, हे सगळं त्यांना मान्य होतं. त्यांचा मुद्दा वेगळा होता. उतरण टर्फच्या आधीच सुरू झाली होती, आणि टर्फचं निमित्त मिळाल्यावर आधीच्या कारणांची चौकशी करायची गरज कुणाला वाटली नाही.

तशीच ध्यानचंदची गोष्ट. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या फायनलमध्ये जर्मनीला ८-१ हरवलं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. गुरुजी सुरुवात त्याच्या आधीपासून करायचे. ऑलिंपिकपूर्वी त्याच जर्मनांशी सरावाचा सामना झाला होता आणि भारत ४-१ असा हरला होता. त्या पराभवानं संघ इतका हादरला की भारतातून अली दारा याला विमानानं बोलावून घेतलं आणि तो पुढच्या सामन्यांत खेळला. "आठ गोल सगळे सांगतेत. ते कुठून आले ते कोण सांगंल?" ध्यानचंदची जादू त्यांना मान्य होती, पण जादूगारानंही हरल्यावर माणसं बदलली, हे त्यांना जास्त मोलाचं वाटायचं.

मला मात्र त्यांच्या सगळ्या मतांतलं थोर वाटतं ते आमच्या गावातल्या हॉकीविषयीचं, आणि ते त्यांनी मत म्हणून कधी मांडलंच नाही. एका वर्षी शाळेचा संघ झकास जमला होता. सेंटर-हाफला खेळणारा माझा वर्गमित्र तर चेंडू पायाजवळ आला की डोळे वर करून कुठे द्यायचा ते आधी बघायचा, जे भल्याभल्यांना साधत नाही. दसरा झाला. ऊसतोडीच्या मुकादमांच्या उचली आधीच वाटून झाल्या होत्या. ट्रक गावाच्या शिवेवर लागले आणि कोयते निघाले. कोयता म्हणजे आमच्याकडे नवरा-बायकोची जोडी; नुसतं हत्यार नव्हे. त्यांच्याबरोबर भांडीकुंडी, शेळी, आणि पोरं. आमचा सेंटर-हाफ ट्रकच्या फाळक्यावर बसून कारखान्याला गेला. दिवाळीनंतर मैदानावर सहाजण उरले.

गुरुजींनी संघ मोडला नाही. मैदान निम्मं केलं, सहाजणांचे तीन-तीन केले आणि गोलकीपर काढून टाकला. गोलाऐवजी दोन दगडांतून चेंडू काढायचा. ज्या दिवशी चार आले त्या दिवशी दोन-दोन. त्यांच्या हजेरीच्या वहीत एक वेगळं पान होतं, कोण कधी जाणार आणि कधी येणार याचं, आणि त्यावरून ते वर्षाचं खेळाचं गणित मांडायचे. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानं पुढे पाच-पाच जणांची हॉकी काढली आणि २०२४ च्या जानेवारीत ओमानला तिचा विश्वचषकही झाला, तेव्हा मला त्या वहीची आठवण झाली. त्यांनी ती जाहिरातीसाठी आणि झटपट खेळासाठी काढली, गुरुजींनी उसासाठी.

सेंटर-हाफ मार्चअखेर परतला. शाळेत पुन्हा आला नाही. पुढे तोच मुकादम झाला. मागे भेटला तेव्हा म्हणाला, तळावर कोप्यांसमोर उसाच्या वाढ्यानं पोरांना खेळायला लावायचो. एवढंच.

आमचं सगळं पटायचं असं मुळीच नाही. पेनल्टी कॉर्नरवरून तर कायम वाजायचं. गुरुजींना ड्रॅग-फ्लिक म्हणजे चोरवाट वाटायची. मैदानी खेळात जमलं नाही म्हणून एक बलदंड माणूस ठेवायचा आणि त्याच्या जोरावर गोल करायचे. मी म्हणायचो, पेनल्टी कॉर्नर म्हणजे उलट सगळ्यांत सामुदायिक गोष्ट. एकजण चेंडू आत ढकलतो, एकजण थांबवतो, एकजण फ्लिक करतो, आणि समोर चारजण आणि गोलकीपर. त्यातला पहिला धावणारा तर अंगावर येणाऱ्या चेंडूसमोर स्वतःला झोकून देतो. त्याचं नाव कोण घेतं? यावर ते म्हणायचे, "हां, हे बघून बोलला," आणि तरी आपलं मत सोडायचे नाहीत.

२०१६ चा उन्हाळा गुरुजींचा शेवटचा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या, आणि महाराष्ट्रात क्रिकेटच्या खेळपट्ट्यांना पाणी द्यावं की नाही हा वाद हायकोर्टात गेला. आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावे लागले. सगळीकडे तीच चर्चा. मी भेटायला गेलो तर गुरुजी बाजेवर पडल्या पडल्या म्हणाले, "क्रिकेटचं झालं. हॉकीचं कामून कुणी बोलंना?" वरच्या दर्जाचा हॉकीचा टर्फ सामन्याआधी पाण्यानं भिजवावा लागतो, नाहीतर चेंडू उडतो आणि घसरताना गुडघे सोलवटतात, हे त्यांना मीच कधीतरी सांगितलं होतं. ज्या खेळाला आपण गरिबाचा म्हणतो तो असा पाणी पितो, मग तो दुष्काळी भागात येणार कसा, हा त्यांचा प्रश्न. आज कमी पाण्याच्या आणि कोरड्या टर्फच्या दिशेनं जगभर प्रयत्न चाललेत. त्या वर्षी निदान आमच्या भागात हा प्रश्न विचारणारे मला भेटलेले ते एकटेच. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धो धो पाऊस झाला, मांजरा भरलं. तेवढं पाहून हिवाळ्यात गेले.

४ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी बघत होतो, पुन्हा समोर ब्रिटन. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळालं आणि उरलेली चाळीसहून अधिक मिनिटं भारत दहाजणांनिशी खेळला. हरमनप्रीतनं गोल केला, ब्रिटननं बरोबरी साधली, शूटआउटमध्ये श्रीजेशनं वाचवलं आणि ४-२ नं आपण जिंकलो. दुसऱ्या दिवशी सगळीकडे श्रीजेश होता. तो मान त्याचाच. मी मात्र पूर्ण सामना पुन्हा लावला आणि फक्त रोहिदासची मोकळी जागा बघत बसलो. पेनल्टी कॉर्नर अडवताना पहिला धावणारा तोच असायचा. तो नसताना ते काम कुणी उचललं, कोण आपली जागा सोडून त्या फटीत येत होतं, फॉरवर्ड किती मागे येऊन उभे राहत होते. समालोचक ज्यांची नावं घेत नव्हता ती नावं मी कागदावर लिहून काढली आणि त्यावर लेख केला. पुढच्या सामन्याला रोहिदासवर बंदी होती, आणि जर्मनीशी आपण ३-२ असे हरलो. तेव्हा ती मोकळी जागा पुष्कळांना दिसली.

आता माझं स्वतःचं एक मत. ते मांडलं की मित्र म्हणतात, हॉकीत ऊस कशाला आणतोस? महाराष्ट्राच्या खेड्यांतून अलीकडे भारताच्या महिला संघात मुली गेल्या, त्यांतल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या फलटण तालुक्यातल्या, एक आसूची, एक वाखरीची. शेतकरी घरातल्या, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या. त्यांचं कर्तृत्व त्यांचं. पण फलटणही उसाचाच मुलूख आहे. तिथे ऊस उभा राहतो, आणि तसल्या मुलखात तो तोडायला आमच्याकडून कोयते जातात. उसाच्या एका टोकाला गाव वर्षभर जागेवर असतं, शाळा भरलेली असते, संध्याकाळी अकराजण मिळतात. दुसऱ्या टोकाला दसऱ्यानंतर गाव निम्मं होतं. बीडनं देशाला खेळाडू दिले नाहीत असं नाही. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये जगातल्या मोठ्या धावपटूंच्या बरोबरीनं पळतो. पाटोद्याच्या राहुल आवारेनं २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. दोन्ही खेळ एकट्याचे. एकटा माणूस कुठेही सराव करू शकतो. संघाला मात्र माणसं एका जागी लागतात, आणि तीच आमच्याकडे टिकत नाहीत. टर्फ, पाणी, पैसा हे सगळे पुढचे प्रश्न.

या मताला पडणारं भोकही सांगतो, नाहीतर गुरुजींनी पोस्टकार्ड पाठवलं असतं. जिल्ह्याच्या ज्या गावांतून फारसं कुणी ऊसतोडीला जात नाही, तिथेही हॉकी नाही. म्हणजे स्थलांतर हे एकच कारण नव्हे. काठी हातात देणारा माणूसही लागतो. पण तो माणूस आमच्या गावाला मिळाला होता आणि तरी संघ टिकला नाही, हे मी पाहिलेलं आहे.

म्हणून माझी सूचना अशी. ऊसतोड मजुरांची मुलं हंगामात मागे राहावीत, शाळा सुटू नये म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये हंगामी वसतिगृहांची सोय करतात. ती नेमकी त्याच महिन्यांत असते ज्या महिन्यांत गुरुजींचा संघ फुटायचा. दुपारी शाळा, रात्री जेवण, आणि मधल्या संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न तिथल्या प्रत्येक शिक्षकापुढे असतो. अशा एखाद्या ठिकाणी बारा काठ्या आणि एक गायरान द्यावं. मुली आणि मुलं दोघांना. अकराजण जमले तर पूर्ण मैदान, नाही जमले तर निम्मं. क्रीडा विभागातल्या ओळखीच्या अधिकाऱ्यांना मी हे दोनदा बोललो आहे. ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत. यंदा दसऱ्याआधी केज आणि धारूर तालुक्यांतल्या अशा शाळा स्वतः जाऊन बघणार आहे. किती बघून म्हणतोस, असं कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.